चार नंबरच्या रॅककडे झुकलेला ओळंबा

भूत, चकवा, करणी... असल्या गोष्टींवर माझा काडीचा विश्वास नाही. अमावस्येला स्मशानात बसून डबा खाल्लेला माणूस आहे मी. (बरं, स्मशानाच्या भिंतीबाहेर. पण डबा खाल्ला.) दोनाचे चार करून सांगायची माझी खोड जामनेरपर्यंत सगळ्यांना ठाऊक आहे, तेही कबूल. पण ही गोष्ट मी चाराचे दोन करून सांगतोय. ज्यांना खाली कमेंटमध्ये दात काढायचे आहेत त्यांनी इथूनच परत फिरावं, कारण हे लिहितानाही माझं डोकं तापलेलं आहे.

जागा — जळगावच्या औद्योगिक वसाहतीतली एक पत्र्याची शेड. काळ — मे महिना. पान्हा उचलायचा तर फडक्यात धरून, इतकी उष्णता. काम असं, की अवकाश स्थानकाला जी नवी प्रयोगशाळा जोडायची आहे, तिचं जमिनीवरचं पूर्ण आकाराचं मॉडेल आतून सज्ज करायचं. रेल्वेच्या तेलाच्या टँकरएवढं आडवं नळकांडं. आत चारी बाजूंनी उपकरणांचे रॅक — भिंतीला, जमिनीला आणि छतालासुद्धा! पुढे वर जाणारी माणसं यात सराव करणार. रॅक बसवायच्या टोळीचा मुकादम मी, आणि माझ्यासोबत नाना.

नाना म्हणजे मूळचे शिरपूरकडचे, भुसावळला रेल्वेच्या डब्यांवर जन्म घालवलेले फिटर. रिटायर झाले तरी हात रिटायर झालेला नव्हता. त्यांच्या खिशात कायम पितळी ओळंबा, दोरीला टांगून सरळपणा बघायचा गोळा. कुठलंही काम असो, आधी दोरी सोडून ओळंबा बघणार, मगच पान्हा उचलणार.

हे आमच्या वैद्य साहेबांना खुपायचं. तपासणीचे इंजिनियर, वय असेल माझ्या धाकट्या भावाएवढं, रुबाब मात्र चंद्रावर स्वतःचा प्लॉट असल्यासारखा. पहिल्याच दिवशी म्हणाले, "नाना, लेझर आहे ना आपल्याकडे? ठेवा ते गोट्याचं खेळणं. अंतराळात वर-खाली नसतं!"

नाना शांतपणे म्हणाले, "पन सायेब, आपन तं जळगावमा शेतस ना?"

सगळी शेड हसली. साहेब हसले नाहीत. तिथेच खरी माशी शिंकली.

पुढे एके दिवशी दुपारचा चहा झाला आणि नानांनी आतून हाक मारली. "ये भो, देख. मन्हा डोया फुटना का?"

आत गेलो. छताच्या मधोमध दोरी बांधलेली, खाली ओळंबा. आणि तो तिरपा! चांगला तीन बोटं तिरपा. पार टोकाला छतावर चार नंबरचा रॅक टांगलेला, त्याच्या दिशेने झुकलेला. हलत नव्हता. कोणी चिमटीत धरून ठेवावा तशी दोरी ताठ.

मी हाताने सरळ केला. सोडला — परत तिकडेच.

वारा म्हणावा तर पंखे, कूलर बंद. मशीनच्या पूजेतली उदबत्ती आणून लावली, धूर सरळ वर. चुंबक म्हणावं तर ओळंबा पितळी. अख्खं नळकांडंच कललं असेल म्हणून मी शेजारीच दुसऱ्या दोरीला लोखंडी नट बांधून सोडला. नट सरळ. ओळंबा तिरपा. हातभर अंतरावर! आता सांगा, हुशार लोकांनो.

नानांनी पान्हा खाली ठेवला. "हाऊ रॅक मी कसाव नही. उतरवा त्याले."

साहेबांना बोलावलं. साहेब आले, दहा-बारा जण मागून आले... आणि ओळंबा सरळ. नटाच्या शेजारी शहाण्या पोरासारखा सरळ!

साहेबांनी लेझर मारला. बरोबर. मग गोड आवाजात विचारलं, "अजून कोणी पाहिलं, नाना?"

"मी पाहिलं!" मी ओरडलो.

मागून वेल्डर संतोष खिदळला, "हा? परवा सांगत होता, याच्या मामाच्या केळीचा घड उचलायला क्रेन लागली!"

हशा झाला. त्या हशातच साहेब म्हणाले, "नाना, वयाप्रमाणे होतं असं. उद्यापासून आराम करा." गेटपास काढून घेतला, सगळ्यांसमोर. नानांनी छताची दोरी सोडवली. ओळंबा गुंडाळला आणि भुसावळच्या गाडीला निघून गेले. माझा राग साहेबांवर होता, संतोषवर होता, पण सगळ्यात जास्त माझ्या या जिभेवर. दुसऱ्या कोणी पाहिलं असतं तर नानांचं कोणी ऐकलं तरी असतं.

दोन दिवसांनी सरावाची माणसं त्या रॅकखाली उभी राहणार होती. मला झोप येईना. सकाळी साहेब यायच्या आत संतोषची गचांडी धरली आणि म्हटलं, "चल, चेन ब्लॉक लाव. काही निघालं नाही तर माझी नोकरी जाईल, तुझं काय जातं?"

चार नंबर खाली घेतला. मागच्या कडीचं वेल्डिंग निम्म्याहून जास्त फाटलेलं. फटीत मी ब्लेड घातलं, आरपार गेलं. उपकरणं भरली असती तर तो रॅक कोणाच्या डोक्यावर आला असता... संतोषच्या तोंडचं पाणी पळालं. जोड त्यानेच मारला होता.

साहेब आले, बघितलं, पांढरे पडले. तासाभरात सावरले आणि कागद पुढे केला — "नियमित तपासणीत दोष आढळला." खाली माझी सही हवी.

"नानांचं नाव कुठाय?"

"अरे, ओळंबा तिरपा झाला असं लिहू का रिपोर्टमध्ये?"

"ओळंब्याचं नका लिहू. नानांनी रॅक उतरवायला सांगितला होता, हे खरं आहे की नाही? ते लिहा. आणि पास तुम्ही काढून घेतला, तुम्हीच जाऊन द्या. नाहीतर सही नाही!" माझा आवाज वरणगावपर्यंत गेला असेल. संतोषही मध्ये पडला, "साहेब, मी पण देतो लिहून." तेव्हा कुठे साहेबांनी तो कागद फाडला आणि नानांचं नाव घालून नवा लिहिला.

दुसऱ्या दिवशी साहेब स्वतः गाडी घेऊन नानांच्या दारात. नाना आले. नवा जोड मारलेला, तपासलेला. नानांनी त्याच जागी दोरी सोडली, सगळे वाकून बघतायत... सरळ. आम्ही अर्धा तास बसलो. सरळच.

आजही कोणी मला तापमान सांगतं, कोणी कंपनं, कोणी कडीला तडा जाताना होणारा ताण. मग शेजारचा नट का नाही झुकला? आणि साहेबांसमोर ओळंबा सरळ का झाला होता?  

नानांना विचारलं तर म्हणाले, "माले काय इचारस? मी बी आठेच व्हतू." म्हणजे, तेही माझ्यासारखे इथेच होते.

मग माझ्या संयमाचा बांध फुटला. मी त्या पितळेच्या गोळ्यावरच ओरडलो, "बोलायचं होतं ना, तर त्या दिवशी सगळ्यांसमोर बोलायचं! माणसाची अब्रू गेली तेव्हा गप्प का लटकलास रे?"

नानांनी घाईघाईने ओळंबा काढून रुमालात घेतला आणि माझ्यापासून दूर धरला.

"त्याले बोलू नको, भो. घरना मानूस शे तो."