पार्डींचं काळीज

स्किफ हार्बर या कोळ्यांच्या गावातले पार्डी घराण्यातले पुरुष पस्तिशी ओलांडतील याची खात्री कुणी देत नसे. चांगला धडधाकट माणूस सकाळी होडी लोटायला जायचा आणि वल्ह्यावरच मान टाकायचा. गाव म्हणायचं, पार्डींचं काळीजच कच्चं. ड्रुसिला पार्डी शाळेत होती तेव्हा तिचा लोरेन्झो काका असाच गेला, जाळं ओढता ओढता. तिचे वडील मात्र म्हातारे होऊन गेले. एका आईच्या पोटचे दोघे भाऊ; मग एक गेला आणि दुसरा राहिला तो का? हा प्रश्न तिनं धरला तो धरलाच.

सेंट जॉन्स शहरात शिकून ती आनुवंशिक आजारांची संशोधक झाली. गावाला त्याचं फारसं अप्रूप नव्हतं. दर उन्हाळ्यात ती सुया आणि नळ्या घेऊन घरोघर हिंडायची, तेव्हा लोक बाही वर करत म्हणायचे, "आली बघा डासीण." कॉड माशाचं कालवण पुढ्यात यायचं, आणि जेवता जेवता कोण कुणाचा, कोण कशानं गेला, ते सगळं निघायचं.

आजारी माणसांच्या रक्तात सगळ्यांकडे सारखा असलेला गुणसूत्राचा तुकडा हुडकायचा, असं ते काम. हा आजार आईकडून नाहीतर बापाकडून येतो, हे दिसत होतं. गाडी अडायची ती एलाय कीपिंगपाशी. एलाय असाच ऐन तिशीत कोसळला होता. त्याआधी त्यानं हसत हसत रक्त दिलं होतं, पण त्याची आई सेलिना ठणठणीत, आणि माहेरी-सासरी असं मरण कुणालाच नाही. बाप अझराया तर कधीच समुद्रात बुडालेला. मग आजार आला कुठून? प्रयोगशाळेत कुणी म्हणे, गावात दोन वेगळे आजार असावेत. कुणी म्हणे, तो एखाद्या पिढीत लपून बसत असावा. या वादात वर्षांमागून वर्षं गेली.

शेवटी ड्रुसिला पुन्हा सेलिनाच्या स्वयंपाकघरात जाऊन बसली. म्हातारी तव्यावर पावाच्या पिठाच्या पोळ्या तळत होती.

"मावशी, अझराया काकांच्या घरात कुणी अचानक गेलं होतं का? लहानपणीसुद्धा?"

"किती वेळा विचारशील गं पोरी? नाही म्हटलं ना."

"एलायची लेक वर्ना आहे म्हणून विचारते. तिच्यात हे आलं असेल तर मला आधी कळायला हवं."

सेलिनानं पोळी ताटलीत टाकली, वर काकवी ओतली. मग तव्याकडेच बघत म्हणाली, "तू अझरायाच्या घरात शोधतेयस. एलाय त्याचा नव्हताच."

ड्रुसिलानं हातातली वही मिटली.

"अझराया त्या वर्षी वसंतभर सीलच्या शिकारीला बर्फावर होता. आणि तुझा लोरेन्झो काका मला सरपण आणून द्यायचा." दुसरी पोळी तव्यावर टाकत ती म्हणाली, "अझरायाला ठाऊक होतं. त्यानं एका शब्दानं कधी विचारलं नाही. पोराला खांद्यावरून उतरवलं नाही त्यानं. तुझ्या कामाला लागेल तेवढं घे, पण गावात बोलायचं नाही."

"नाही बोलणार."

"खा आता. गार होतंय."

परत गेल्यावर ड्रुसिलानं वंशवृक्षात एलायला त्याच्या खऱ्या जागी, लोरेन्झोखाली, बसवलं. बाकीच्या आजारी पार्डींकडे तो तुकडा लांबलचक होता; एलायकडे त्याचा छोटासाच भाग आलेला. म्हणजे दोष तेवढ्याच जागेत. पुढल्याच हिवाळ्यात जनुक सापडलं. सहकाऱ्यांनी विचारलं, एलाय पार्डींचा हे कशावरून? ती म्हणाली, "घरच्यांनी सांगितलं," आणि विषय मिटवला. छापलेल्या शोधनिबंधात त्याचं नाव नव्हतं, गावाचंही नव्हतं.

वर्ना कीपिंग खेकड्यांच्या कारखान्यात काम करायची. तिच्या रक्तात तो दोष निघाला.

"माझ्याकडे कुणाकडून आलं हे, डॉक्टर?"

"तुझ्या बाबांकडून."

"आणि त्यांच्याकडे?"

"ते सांगणं माझ्या हातात नाही. आजीला विचार."

"विचारलं. ती म्हणाली, तू आधी चहा ओत."

दोघी हसल्या. त्याच महिन्यात वर्नाच्या छातीत, काळजाचा ठोका चुकला की झटका देणारं यंत्र बसवलं. दोन वर्षांनी कारखान्यातल्या सरकत्या पट्ट्यापाशी उभी असतानाच ती कोसळली; यंत्रानं झटका दिला आणि ती शिव्या घालत उठून बसली. घोड्यानं लाथ मारावी तसं वाटलं, म्हणाली. त्यानंतर गावातल्या ज्या पार्डींनी तपासणी टाळली होती, तेही एकेक करून आले. एकदोघे आलेच नाहीत. ड्रुसिला त्यांच्या दारावरून जाताना नुसती हाक मारायची, आग्रह करायची नाही.

सेलिना गेली तेव्हा ड्रुसिला मातीला गेली होती. कीपिंगांच्या घरात बसायला जागा नव्हती. एरवी तिला डॉक्टर म्हणणाऱ्या वर्नानं गर्दीतून वाट काढत तिला खुर्ची दिली आणि म्हणाली, "बस, आत्या."

ड्रुसिलानं तिच्याकडे पाहिलं. ती दुसऱ्या पाहुण्यांकडे वळली होती.