कापलेली खोकी

मंचरच्या स्टँडवर उतरलो, तर पेपरवाल्याने पेपर द्यायच्या आधी माझा हात धरला. "भाऊ, तुमचं मामा गेलं… पहाटंच." त्याला आता दीड महिना झाला.

सखाराममामा माझ्या आईचा भाऊ, पण घोडेगावात सगळेच जीपवाले त्याला मामा म्हणत. तिथल्या स्टँडमागे पत्र्याच्या शेडमध्ये त्याचं गॅरेज होतं. इंजिन उघडलं की तो गाडीवाल्याला शेजारी बसवायचा आणि त्याच्या एका हातात कंपनीचा सुटा भाग, दुसऱ्या हातात लोकल द्यायचा. "वजन बघ राव. ह्यो लोकल वरीसभर जाईल, मंग बोंबलशील. काय टाकू?" गाडीवाला सांगेल ते टाकायचा आणि लोकल टाकला असेल तर तसं तोंडावर बजावायचा.

मला ही तडजोड वाटायची. आमच्या घरात देव्हारा नव्हता, चळवळीच्या पत्रकांचे गठ्ठे होते, अक्षरंही मी त्यांच्यावरच गिरवली. कॉलेजात गेल्यावर मी मामासाठी एक पत्रक छापून आणलं आणि शेडच्या दारावर चिकटवलं : 'येथे नकली माल बसवला जात नाही. गरिबाच्या जिवाशी खेळ नाही.' मामाने ते दोनदा वाचलं. "पुढारी, लोकल म्हंजे नकली न्हवं रं," एवढंच म्हणाला. पण भाच्याचा शब्द दारावर चढला होता, तो त्याने मोडला नाही.

त्याच पावसाळ्यात घाटावरच्या आहुप्याचा लक्ष्मण जीप घेऊन आला. इंजिन थंड ठेवणारा वॉटर पंप गेला होता. लोकल पंप मंचरला त्याच दिवशी मिळत होता. ओरिजनल पुण्याहून यायचा होता. लक्ष्मण म्हणाला, "मामा, आज लोकल टाका, दिवाळीला बदलू. वर गावात दुसरी गाडी न्हाई." मामा माझ्याकडे बघत राहिला. मी दाराकडे बोट दाखवलं. मामाने पाना खाली ठेवला आणि जीप उघडीच राहिली… पाच दिवस.

चौथ्या दिवशी लक्ष्मणच्या आईच्या छातीत कळ आली. एसटी सकाळीच गेलेली. चौघांनी तिला डोलीत घातलं आणि घाट उतरायला लागले. अर्ध्या वाटेतच ती गेली.

पाचव्या दिवशी पुण्याहून खोकं आलं. सील शाबूत, छपाई ठसठशीत. मामाने पंप हातात घेतला आणि त्याचा चेहरा उतरला. खोकं खरं होतं, आतला माल लोकलच्याही खालचा. कुणीतरी ओरिजनलचं रिकामं खोकं विकत घेऊन त्यात भुसा भरावा तसा तो भरला होता. लक्ष्मण डोकं भादरलेला, गाडी न्यायला आलेला. मामाने काही लपवलं नाही, पंप त्याच्या हातात दिला. लक्ष्मणने तो उलटा-सुलटा केला आणि म्हणाला, "बसवा ह्योच. आता कुनाला न्यायचंय?"

मी तेव्हा खोक्याच्या व्यापाऱ्यांवर आणि डॉक्टर न पाठवणाऱ्या सरकारवर चार पानी पत्रक लिहिलं. त्यातला शब्दन् शब्द खरा होता आणि आजही मी तो मागे घेणार नाही. पण त्यात माझं बोट नव्हतं, दाराकडे दाखवलेलं. पत्रकाला कधी घाट उतरून दवाखान्यात जायचं नसतं.

मामाने दारावरचं पत्रक काढलं नाही. त्या दिवसापासून एवढंच करू लागला की कोणताही भाग बसवला की त्याचं रिकामं खोकं मांडीवर घेऊन करवतीच्या पात्याने मधोमध कापायचा, मगच चहा प्यायचा. "ह्यात परत कायबी भरता यायचं न्हाई," म्हणायचा. जीपवाले हसायचे. "मामा, खोक्यानं काय बिघडिवलंय तुमचं?" मामा कापत राहायचा. पुढे पुढे कामं कमी झाली, कापणं सुटलं नाही.

मामाच्या पुण्यानुमोदनाच्या विधीनंतर दुसऱ्या दिवशी मी शेड उघडली. दारावरचं पत्रक पिवळं पडलंय, अक्षरं अजून वाचता येतात. बाकावर फिल्टरचं एक खोकं होतं, करवतीचं पातं त्यात अर्ध्यावर रुतलेलं. एवढ्यात भंगारवाला डोकावला. "भाऊ, रिकामी खोकी हायत का? मामांनी अख्खं एक कधी दिलं न्हाई."

मी मामाच्या जागी बसलो आणि उरलेलं अर्धं कापलं.

भंगारवाला सायकल वळवत म्हणाला, "ऱ्हाऊ द्या. मंचरात अख्खी लई मिळत्यात."