पार्वताबाईचा गोटा

विवेकने चुलीसाठी उचललेले तीन गोटे चांगलेच होते. कोरडे, सपाट, हातभर अंतरावर मांडले तर वरचा गंज जराही डगमगू नये असे. वाईट एवढंच झालं, की ते उदारामच्या ढिगातले होते.

डिसेंबर दोन हजार आठ. कामठ्याजवळच्या एका शाळेतले सहा मास्तर दरेकसाच्या डोंगरात धबधबा पाहायला आले होते. सहल विवेकच्या डोक्यातून निघालेली. शिक्षणसेवकीचं तिसरं वर्ष आणि कायम होण्याच्या कागदावर बडे गुरुजी, म्हणजे मुख्याध्यापक दुर्गाप्रसाद, यांची सही अजून व्हायची, अशा अवस्थेत माणसाला निसर्ग फार आवडू लागतो. ‘आधी जेवण की आधी डोंगर’ यावर गुरुजींनी जेवणाच्या बाजूने निकाल दिला. नाल्यातले गोटे ओले, म्हणून विवेक सालईच्या झाडाखाली गेला आणि तिथल्या ढिगातून तीन घेऊन आला.

कोंबडीला पहिली उकळी फुटली, तेव्हा उदाराम आला. डोक्याला गमछा, पायांत रेल्वेचे जुने बूट. वाटाड्या म्हणून टेसनमास्तरनं त्याचंच नाव सांगितलं होतं.

"गोटे कोनं उचलले गा?"

"मी उचलले, काका. का?"

"काई नाही," असं म्हणून उदाराम झाडाखाली फतकल मारून बसला. "आता तीन मानसं वर अडकले. ते उतरेपर्यंत मी काई उठत नाही."

मास्तरांनी एकमेकांकडे पाहिलं. गणिताचे भैय्यालाल सर हळूच म्हणाले, "सुबह सुबह चढा के आया है क्या?"

उदाराम काही चढवून आला नव्हता. एकतीस वर्षं तो गँगमन होता. हातोडी घेऊन बोगद्यातून चालायचं, रूळ ठोकायचे, गिट्टी सारायची. रिटायर झाला त्याच वर्षी अकरा जणांची एक पार्टी डोंगरात गेली आणि दहाच उतरले. हे त्यांच्या लक्षात आलं ते गाडीत बसून पत्ते वाटताना. अकरावा दुसऱ्या दिवशी उदारामला तेंदूच्या झाडावर सापडला. खाली अस्वल बसलंय म्हणत होता. खाली म्हैस होती.

तेव्हापासून उदारामची रीत ठरली. वर जाणाऱ्यानं नाल्यातून एक गोटा आणायचा आणि सालईच्या डाव्या बाजूला ठेवायचा. उतरल्यावर तोच गोटा आपल्या हातानं उजव्या ढिगात टाकायचा. डावी बाजू रिकामी झाली, की उदाराम घरी जेवायला मोकळा. डोकी तो मोजत नसे. "मोजनारा चुकते, गोटा चुकत नाही," असं त्याचं म्हणणं. पाच वर्षांत उजवा ढीग कमरेएवढा झाला होता आणि त्यातलं एकही माणूस डोंगरात राहिलेलं नव्हतं. उदारामच्या घरात मिरवायला दुसरं काही नव्हतं.

"विवेक," गुरुजी म्हणाले. "चारच्या गाडीनं परतायचंय. धबधबा दिसेल ना?"

सही डोळ्यांपुढून सरकताना दिसली तसा विवेकने रुमालानं गंज उचलला. अर्धकच्ची कोंबडी बाजूला झाली, गुरुजींचा चेहरा पडला आणि त्याच वेळी फटकन आवाज आला. तिसरा गोटा फुटला. बरोबर दोन तुकडे.

उदारामनं काडीनं गोटे ओढून घेतले, निवू दिले आणि एकेक हातात धरला. "हा शालीकरामचा. आमगावचा शिंपी. गोटाबी कापडासारखा निवडून आनला होता. हा बालाघाटच्या एका बाईचा, रडत चढली, हासत उतरली." दोन्ही त्यानं उजव्या ढिगात ठेवले. मग तुकडे उचलले आणि एकमेकांना जुळवून पाहिले.

"हा कोणाचा?" विवेकने विचारलं.

"माह्या सासूचा."

मास्तर फसकन हसले. उदाराम हसला नाही.

"कामठ्याची पार्वताबाई. पंचाहत्तरीत चढली अन् माह्याआधी उतरली. चाळीस वर्षांत त्या बाईले कोनी फोडू शकला नाही. तू कोंबडीसाठी फोडलास."

"दुसरा आणून ठेवतो ना, काका."

"तू कायले ठेवतेस? ज्याचा त्यानंच ठेवाव लागते. तिले घेऊन ये. तवरक तुहा गोटा डाव्या बाजूले राहील, जमानत म्हनून."

"अन् तुम्ही घरी कसे जाल? डावी बाजू रिकामी नको?"

उदारामनं बराच विचार केला. "जाईन. पन भाताची एक वाढ कमी घेईन."

सगळे चढले. धबधबा पाहून गुरुजी लहान पोरासारखे पाण्यात बसले आणि उतरून कोंबडी खाल्ल्यावर तर सहीचं स्वतःच बोलले. पाच मास्तरांनी आपापले गोटे उजवीकडे टाकले. विवेकचा डावीकडे एकटाच राहिला.

गाडीत विवेकनेही मान्य केलं, की म्हाताऱ्यानं मस्त बनवलं. गोटा काय कोणी ओळखतं! सासू तर नक्कीच बनावट.

तिसऱ्या दिवशी सकाळी कामठ्यात त्याच्या दारात काठी वाजली. ठेंगणी, काटक म्हातारी. पायांत कॅनव्हासचे बूट.

"तूच का गा तो मास्तर? चाल. जावई अर्धपोटी जेवून राहिला मने."

"आजी, आता चाचणी परीक्षा आहे..."

"मंग झाल्यावर. चढीन मी माह्या पायानं. आता गुडघा उतरताना कुरकुर करते, उतरताना तुह्या पाठीवर."

चाचणी झाली. मग गॅदरिंग आलं, मग निवडणुकीची ड्युटी, मग ऊन. पार्वताबाई दर आठवड्याला बूट घालून येते, चहा पिते, विवेकची पाठ चाचपून पाहते आणि "अजून बारीकच हायेस" म्हणून परत जाते. सही झाली, विवेक कायम झाला. शाळेच्या हजेरीपटावर तो रोज हजर असतो. दरेकसाच्या डोंगरावरून मात्र तो अजून उतरलेला नाही.