पहिल्या गिअरात

आमच्या जुन्या मोटारीचा गिअर स्टेअरिंगलगत होता, आणि थंडीत सकाळी तो एकट्या माणसाला पडायचा नाही. याला कारण आमचे आबा, माझे वडील. उन्हाळ्यात गिअरबॉक्स कुरकुरायला लागला, तेव्हा त्यांनी गुऱ्हाळाच्या चरकाला घालायचं घट्ट काळं तेल त्यात ओतलं. "पैलवानाला तूप, मशिनीला घट्ट त्याल," हे त्यांचं शास्त्र. मार्गशीर्षात त्या तेलाची काकवी झाली. मग दोघांनी मिळून गिअर टाकायची रीत पडली. आबा क्लच दाबून "हाण!" म्हणायचे आणि मी शेजारी बसून दोन्ही हातांनी दांडा रेटायची. रेटताना माझ्या तोंडून "मर मुडद्या!" निघायचं. शिवी दिल्याशिवाय तो बसत नाही, असं मला खरंच वाटायचं.

त्याच थंडीत कुरुंदवाडचे पाहुणे मला बघायला आले. मुलगा, त्याचे वडील आणि आत्या. संध्याकाळी मी काठाची साडी नेसून पाटावर बसले आणि विचारलं तेवढ्याचं खाली मान घालून उत्तर दिलं. "पोरगी लई गरीब हाय," आत्याबाई म्हणाल्या, तशी आईची कळी खुलली. मुलगा मलाही आवडला होता, पण हे कुणाला सांगायची तेव्हा सोय नव्हती. बोलण्याच्या नादात शेवटची एसटी गेली. आबांना तेच हवं होतं. "ऱ्हावा की पावणं! सकाळी गाडीनं स्टँडवर सोडतो."

सकाळी मुलगा पुढं बसला, थोरली दोघं मागं. मी दाराआडून बघत होते. इंजिन लागलं, पण गिअर काही पडेना. आईनं बंबातले निखारे घमेल्यात घेऊन गाडीखाली सरकवले, तरी ढिम्म. गल्लीतली माणसं दात घासत जमली. आबा घामाघूम झाले आणि सवयीनं ओरडले, "उभारून काय बघतीयास? ये की! हाण!"

धरणीनं पोटात घ्यावं असं झालं. पण आबांची हाक, गेले. मुलगा खिडकीकडं सरकला, मी मधे बसले, पदर खोचला, पाय रोवला. दांडा खाडकन बसला आणि तोंडातून ते शब्दही गेले, चांगले गल्लीभर ऐकू जातील असे.

मागं आत्याबाई खोकल्या. मला आता उतरताही येईना, कारण दुसरा, तिसरा गिअर बाकी होता. स्टँडपर्यंत आबा "हाण" म्हणत राहिले आणि मी हाणत राहिले. शिवी तेवढी ओठ चावून आत ठेवली. मुलगा बाहेरच बघत होता.

स्टँडवर उतरताना आत्याबाई म्हणाल्या, "पावणं, पोरगी आमाला दिलीसा तर तुमचा गिअर कोन हाणणार वो?"

आबा मोठ्यानं हसले. एसटी हलल्यावर त्यांचं हसू गेलं.

परतताना पहिला टाकून झाल्यावर मी दुसऱ्यासाठी दांड्याला हात घातला. "ऱ्हाऊ दे," ते म्हणाले. स्टँडपासून घरापर्यंत गाडी पहिल्या गिअरातच घरघरत आली. मागचे हॉर्न वाजवत होते, सायकलवाले पुढं जात होते. आबांनी एकदाही माझ्याकडं बघितलं नाही. मला स्वतःची लाज वाटत होती, आता त्यांचीही वाटायला लागली, आणि ती जास्त सोसवेना.

कुरुंदवाडहून निरोप आला नाही. आबांनी स्टँडवरून आल्या दिवशीच ते तेल काढून गिअरबॉक्सचं पातळ तेल भरलं. गिअर मग भर थंडीतही एका हातानं पडायला लागला. मला पुन्हा हाक आली नाही.

पुढच्या वर्षी माझं लग्न दुसरीकडं झालं. पाठवणीला मी त्याच गाडीत मागं बसले, नवऱ्याशेजारी. आबांनी क्लच दाबला, दांड्यावर हात ठेवला आणि थांबले. गिअर हलका झाला होता, तरी थांबले. मग स्वतःच टाकला.