‘बरं’ म्हंजे काय वो, पावणं?

माझ्या साडूंएवढा जिभेला जागणारा माणूस उभ्या कोल्हापुरात दुसरा झाला नसेल, आणि अशा माणसाची चहाडी त्याच्याच बायकोकडे करणारा माझ्याएवढा शहाणाही दुसरा झाला नसेल. ती चहाडी खोटी होती. मला ती खरी वाटली होती, एवढंच माझ्या बाजूनं सांगता येईल. पण ज्याच्याविषयी केली त्याला आधी विचारायला मला कुणी अडवलं नव्हतं. साडू आता नाहीत. त्यांच्याविषयी लिहायचं तर ही गोष्ट वगळून लिहिता येणार नाही, म्हणून ती आधीच सांगून टाकली.

ते मूळचे कोडोलीच्या शेतकरी घरातले, आणि शाहूपुरीत एका गुळाच्या अडतीवर दिवाणजी. ढेप फोडली की त्यातला खडा जिभेवर ठेवून डोळे मिटायचे आणि ऊस माळावरचा की नदीकाठचा, ते सांगायचे. ‘ह्यो शिरोळकडचा. पाणी जास्त प्यालाय,’ असं ते एखाद्या माणसाची तक्रार सांगावी तसं सांगत. गूळ घेऊन आलेला शेतकरी खरं असो नसो, मान डोलवायचा, कारण एवढ्या प्रेमानं त्याच्या गुळाकडे दुसरं कुणी पाहत नसे. त्यांची बायको आणि माझी बायको सख्ख्या बहिणी. माझी बायको त्यांना दाजी म्हणायची म्हणून मीही दाजीच म्हणायचो. ते मात्र मला शेवटपर्यंत ‘पावणं’ म्हणत राहिले. पाहुणा म्हटला की त्याला खायला घालता येतं, हे त्यामागचं कारण असावं.

त्यांच्या मते जगात दोनच प्रकारचे पदार्थ होते, औषधी आणि बेचव. जे आवडेल ते औषधी. पांढरा रस्सा हाडांना, तांबडा रस्सा सर्दीला, काकवी रक्ताला, नाचणीची आंबील डोक्याच्या उष्णतेला आणि मिसळ आळसाला. रविवारी पहाटे ते मला उठवून दुधाच्या कट्ट्यावर न्यायचे. तिथं रस्त्यातच म्हैस उभी असायची आणि आपल्यादेखत पेल्यात धार काढून मिळायची. मी फेस फुंकायला लागलो की माझा हात धरायचे. ‘पावणं, फेस उडवू नका! फेस मेंदूला असतोय. तुमी तर मास्तर!’ एकदा त्यांना पडसं झालं म्हणून मी भेटायला गेलो, तर तांबड्या रश्श्याची वाटी नाकाशी धरून बसले होते. ‘आधी वास, मग रस्सा. औषध घ्यायची रीत असती,’ म्हणाले. आक्का, म्हणजे माझी मेव्हणी, स्वयंपाकघरातून ओरडल्या, ‘चौथी वाटी हाय ती! औषध न्हवं, आंघोळ चाललीया!’

बेकरी ही त्यांची खास जागा. रंकाळा वेशीजवळच्या एका गल्लीत एका चाचांची बेकरी होती. दिवाळीच्या आधी आमच्याकडच्या बायका रवा, पिठीसाखर, तूप घरून घेऊन तिथं नानकटाई भाजून आणायच्या. आमच्या दोन्ही घरांचं सामान दाजी स्वतः घेऊन जायचे. भट्टीसमोर उभे राहायचे आणि पत्रा बाहेर आला की चाचांच्या आधी वाकून वास घ्यायचे. ‘तूप आमचंच हाय न्हवं? शेजारणीचं मिसळलं न्हाईस न्हवं?’ यावर चाचा दरवर्षी न चुकता आपल्या दाढीची शपथ घ्यायचे.

आता माझ्याविषयी. मी वाढलो बोर्डिंगात. तिथं घंटा झाली की बसायचं, वाढलेलं संपवायचं आणि उठायचं. त्यामुळे कुठलाही पदार्थ कसा झालाय असं विचारलं की माझ्या तोंडून एकच शब्द निघायचा, ‘बरं आहे.’ दाजींचा या शब्दावर भयंकर राग. आक्कांच्या हातच्या घनसाळ तांदळाच्या भाताला मी पहिल्यांदा ‘बरं आहे’ म्हणालो, तेव्हा त्यांनी हातातला घास ताटात परत ठेवला. ‘बरं म्हंजे काय वो, पावणं? बरं तर ताप उतरल्यावर वाटतंय! घासाला काय नाव-गाव हाय का न्हाय?’ मी खूप विचार करून ‘मऊ आहे’ म्हणालो. ‘गादी बी मऊ असती,’ दाजी म्हणाले.

पुढे त्यांच्या पायाच्या अंगठ्याची जखम भरेना, आणि डॉक्टरांनी तपासून लघवीत साखर जाते असं सांगितलं. गोड बंद, भात बंद, मैदा बंद. दिवसभर गूळ चाखणाऱ्या माणसाला हे सांगणं म्हणजे गवयाला मुकं राहायला सांगण्यासारखंच होतं. अडतीवर चाखायचं काम दुसऱ्याकडे गेलं. आम्हाला वाटलं, दाजी खचणार. पण त्यांनी आक्कांना शब्द दिला आणि आपला औषधीपणा नव्यानं मांडला. ज्वारीची भाकरी, मोड आलेली मेथी, जवसाची चटणी, कारलं, जांभळाच्या बियांची पूड, सगळ्यांचे त्यांनी गुण शोधले. कारल्याविषयी म्हणायचे, ‘ह्यो खरा माणूस हाय. पहिल्यांदा भेटतो तवाच कडू बोलतो, मागनं न्हाय.’ हे ऐकताना मी सहज मान हलवायचो. पुढे हे वाक्य आठवून माझी मान खाली गेली.

डॉक्टरांनी चालायला सांगितलं होतं. आक्का मला म्हणाल्या, ‘भावजी, संध्याकाळी तुमीच जावा त्यांच्यासंगं. तुमाला खाण्यातलं काय बी कळत न्हाय, म्हणून तुमच्यावर भरवसा हाय.’ मी तो मान समजलो. आम्ही रोज रंकाळ्यावर जायचो. परतताना गल्लीच्या तोंडाशी दाजी थांबायचे. ‘पावणं, तुमी हितंच टेका. मी आलोच.’ आणि बेकरीकडे वळायचे. थोड्या वेळानं यायचे ते अगदी खुशीत, डोळे चमकत असायचे. मी काही बोलत नसे, पण मनात संशय साठत होता. एके दिवशी ते आले तेव्हा त्यांच्या सदऱ्यावर नानकटाईचा चुरा होता. मी तो पाहिला. त्यांनीही मला पाहताना पाहिलं, आणि हसून चुरा झटकला.

त्याच संध्याकाळी मी आक्कांना सांगितलं. एका माणसाचा जीव वाचवतोय, अशी माझी समजूत होती. आक्कांनी हातातली पळी खाली ठेवली. मग बाहेर आल्या, दाजींचा हात धरून आपल्या डोक्यावर ठेवला आणि म्हणाल्या, ‘त्या गल्लीत पाऊल टाकलंसा तर माझं मेलेलं तोंड बघशीला.’ दाजींनी एकदा माझ्याकडे पाहिलं. मला वाटलं, चिडतील, शिव्या देतील. ते फक्त म्हणाले, ‘न्हाय टाकत.’

दुसऱ्या दिवसापासून त्यांनी फिरणं सोडलं. त्याहून वाईट म्हणजे बोलणं सोडलं. कारल्याचं कौतुक संपलं, मेथीचे गुण संपले. समोर येईल ते खाली मान घालून जेवायचे. आमच्या बोर्डिंगातल्यासारखे. आक्का मला म्हणाल्या, ‘भावजी, कारल्याचं गुण गात जेवायचे त्ये बरं होतं की वो.’

खरं काय ते मला बेकरीतच कळलं. मुलगी आजारी होती, तिच्यासाठी टोस्ट आणायला गेलो होतो. चाचा म्हणाले, ‘मास्तर, दाजी कुठं गेले तुमचे? भट्टी सुनी पडली की!’ मी थोड्या अभिमानानंच सांगितलं की त्यांना मी खाऊ देत नाही. चाचा माझ्याकडे बघतच राहिले. ‘खात कुठं होते वो? वास घ्यायचे नुसता. पत्रा निघाला की गरम नानकटाई मोडायची, समोर जे गिऱ्हाईक असंल त्याच्या हातावर ठेवायची, आन् विचारायचं, कशी हाय? आधी काय लागतंय, मग काय लागतंय? ते सांगायचं, आन् ह्ये डोळं मिटून ऐकायचे. मी म्हटलं, एक कण घ्या की. तर म्हणायचे, बायकोला शबुद दिलाय.’

टोस्ट घेऊन मी घरी कसा आलो ते आठवत नाही. रात्रभर तो झटकलेला चुरा डोळ्यांपुढे होता.

त्यानंतर दाजी असेपर्यंत त्यांच्यासाठी मी खाल्लं. बेकरीत, मिसळीच्या दुकानात, दुधाच्या कट्ट्यावर मी खायचो आणि ते ऐकायचे. माझ्या विजारीची नाडी अपुरी पडायला लागली आणि शाळेतली मुलं मागून हसायला लागली. पण हे सगळं सुरू झालं ते त्या टोस्टनंतरच्या रविवारी.

सकाळी आधी आक्कांकडे जाऊन मी त्यांना सगळं खरं सांगितलं. त्या पदर तोंडाला लावून भिंतीकडे वळल्या आणि म्हणाल्या, ‘माझी शपथ सुटली म्हणावं त्यास्नी.’ मग मी बेकरीतून गरम नानकटाई कागदात बांधून आणली आणि दाजींसमोर सतरंजीवर बसलो.

‘मी खात न्हाय,’ ते म्हणाले.

‘मी खाणार आहे. तुम्ही ऐका.’

त्यांनी मान वर केली. मी एक घास घेतला. वर्गात तपासनीस आल्यावर फुटायचा तसा घाम मला फुटला होता. ‘वरून भेगा आहेत,’ मी म्हणालो. ‘दाताखाली आधी खरखर लागते. रव्याची. मग ती एकदम दम सोडते आणि नुसतं तूप राहतं. वेलदोडा मागून येतो.’

‘किती मागनं?’

‘गिळल्यावर.’

दाजींनी डोळे मिटले. ‘जायफळ?’

‘आहे वाटतं.’

‘वाटतं न्हवं. हाय का न्हाय?’

मी दुसरा घास घेतला, नीट चावला. ‘नाही.’

‘चाचा चिक्कू झाला वाटतं!’ त्यांनी मांडीवर थाप मारली. पुष्कळ दिवसांनी त्यांचा आवाज असा मोठा निघाला होता. दाराआड आक्कांच्या बांगड्या वाजल्या.

मी विचारलं, ‘दाजी, तुम्ही मला बेकरीत आत का नेलं नाहीत? मला बाहेर का बसवत होता?’

‘तुमाला आत न्हिऊन काय करू?’ ते म्हणाले. ‘तुमी काय सांगणार? बरं आहे!’

मला हसू आलं. हातातली नानकटाई कागदावर ठेवली. मग म्हणालो, ‘दाजी, माझं चुकलं. तुम्हाला न विचारता मी आक्कांकडे गेलो. तुमच्या शब्दावर मी विश्वास ठेवायला हवा होता. मला माफ करा.’

दाजींनी पुढ्यातला कागद बाजूला सरकवला. मग पुढे वाकले, माझ्या सदऱ्यावर पडलेला चुरा आपल्या हातानं झटकला आणि म्हणाले,

‘बरं.’