औंदा घेऊन टाका, सिस्टर

आप्पा कुणाच्याही घरी गेले की आधी फ्रिजच्या अंगाला हात लावून बघायचे आणि मग घरच्या माणसांची विचारपूस करायचे. आमच्या भांडगावच्या घरी पहिल्यांदा आले तेव्हाही तेच. मी पाण्याचा तांब्या घेऊन उभी, आणि हा साठी उलटलेला टोपीवाला गृहस्थ फ्रिजला कान लावून उभा. "तापतोय," ते म्हणाले. "भिंतीला लई चिकटवलाय. वीतभर पुढं घ्या सिस्टर, त्यालाबी श्वास लागतो." मग खाटेवरच्या सासूबाईंकडं वळून म्हणाले, "काय आक्का, तुमचा कंप्रेसर काय म्हंतोय?" लकवा मारल्यापासून सासूबाई कुणासमोर हसायच्या नाहीत, तोंड वाकडं दिसतं म्हणून. त्या दिवशी हसल्या.

आप्पा मूळचे वडगाव रासाईचे. त्यांच्या आजोबांची मेंढरं होती, वडिलांनी शेती धरली आणि आप्पांनी शिरूरकडच्या एका कारखान्यात तीस वर्षं मेंटेनन्सला काढली. रिटायर झाल्यावर बायकोच्या, म्हणजे आमच्या काकूंच्या, माहेरी येऊन आमच्या शेजारीच दोन खोल्या बांधून राहिले. मूलबाळ नव्हतं. हत्यारं ठेवायला एक जुनी शाळेची पिशवी होती, तिच्यावर कुठल्याशा कार्टूनमधलं अस्वल होतं. त्या अस्वलाला घेऊन ते गावभर फिरायचे. कामाचं कुणी काही देऊ केलं तर म्हणायचे, "चहा पाजा, साखर कमी." आणि साखर कमी पडली की तोंड वाकडं करायचे.

मी राहू गावच्या आरोग्य उपकेंद्रात नर्स. नवरा नोकरीला गुजरातमध्ये. दिवसभर सासूबाईंजवळ एक बाई असायच्या, पण त्यांना बटण दाबण्यापलीकडं काही येत नव्हतं. पाठीला जखमा होऊ नयेत म्हणून सासूबाईंना विजेवर फुगणारी गादी होती. गिझर, इन्व्हर्टर, बोअरची मोटर, यातलं काहीही बंद पडलं की मला राहूला फोन यायचा आणि मी लसीकरण सोडून आप्पांना फोन लावायचे. ते "आलो" म्हणायचे आणि खरोखर यायचे, ही आपल्याकडं केवढी मोठी गोष्ट आहे हे सांगायला नको.

तरी मला संकोच वाटायचा. म्हणून एका रविवारी घर सांभाळायचा प्लॅन विकणारा एक टापटीप मुलगा दारात आला, तेव्हा मी त्याला आत घेतलं. वर्षाला एकदा पैसे भरायचे, मग घरातली कुठलीही वस्तू बिघडली की कंपनीचा माणूस येणार. मला तो देवासारखा वाटला. आप्पा तेवढ्यात आलेच.

"ते गुळगुळीत कागद ऱ्हाऊ द्या बाजूला," ते त्या मुलाला म्हणाले. "काय झाल्यावर तुम्ही येणार न्हाई, तेवढं वाचा."

मुलानं बारीक अक्षरातलं शोधून वाचलं. लाईट कमी-जास्त झाल्यामुळं बिघाड, क्षाराच्या पाण्यामुळं बिघाड, उंदीर-घुशींनी केलेलं नुकसान.

"आरं, आमच्याकडं वस्तू मरती ती लाईटीनं, न्हाईतर पाण्यानं. उरलीसुरली उंदीर खात्यात. मग तू येणार कवा? वस्तू म्हातारपणानं गेल्यावर, दहाव्याला?"

मुलगाही हसला. आप्पांनी मला त्याच्यासाठी चहा करायला लावला, त्याच्या गाडीची ढिली चेन घट्ट करून दिली आणि वाटेला लावलं. मग माझ्याकडं वळून म्हणाले, "कशाला घेता? मी हाय ना."

गावात कुणी दौंडला मोठी वस्तू घ्यायला निघालं की आप्पांना बरोबर न्यायचं. वाढीव वॉरंटी घ्यायची की नाही, हे दुकानात तेच ठरवायचे. त्यांचा हिशेब साधा होता. ज्यात मोटर आणि कॉइल आहे ते गावातला माणूस दुरुस्त करू शकतो, तिथं कागद नको. पण हे शहाणपण त्यांना जन्मतः नव्हतं. स्वतःच्या घरचं वॉशिंग मशीन घेताना त्यांनी दुकानदाराला मोठ्या ऐटीत सांगितलं होतं, "मला वॉरंटी दाखवतो व्हय? मीच वॉरंटी." कंपनीच्या वॉरंटीचं वर्ष संपलं आणि आठ दिवसांत आतला सर्किट बोर्ड जळाला. बोर्डापुढं आप्पांचं काही चालेना. काकू वर्षभर हातानं कपडे धूत होत्या आणि आल्यागेल्याला सांगत होत्या, "आमची वॉरंटी बगा, ओट्यावर बसून बिडी वढतीय." आप्पा मान्य करायचे. "चुकलं आपलं. बोर्ड आसंल तिथं घ्यायचा कागद. माणसाला आपल्या हाताबाहेरचं कळाय पायजे."

दिवाळी झाली आणि एक दिवस आप्पा काळा चष्मा लावून आले. मोतीबिंदूचं ऑपरेशन केलं म्हणाले. कुठं केलं, कधी केलं, मी विचारलंसुद्धा नाही. फ्रिजला हात लावून झाल्यावर उभ्याउभ्याच म्हणाले, "सिस्टर, तो प्लॅन औंदा घेऊन टाका."

मला वाटलं चेष्टा करताहेत. "तुम्हीच नको म्हणाला होता ना?"

"तवा नको म्हणालो. आता घ्या म्हंतोय."

"लाईट, पाणी, उंदीर? ते सगळं सुटलं का?"

"त्याचं बघतो मी."

आणि पुढचे पंधरा दिवस ते आमच्या घरातच होते. अंगणात नवा अर्थिंगचा खड्डा घेतला, त्यात मीठ-कोळसा भरला. स्टॅबिलायझर बसवला. पाण्याच्या लाईनीवर क्षार अडवणारा फिल्टर लावला, उंदरांच्या वाटा जाळीनं बंद केल्या. त्या विकणाऱ्या मुलाला परत बोलावून घेतलं आणि स्टॅबिलायझर असेल तर लाईटीचा बिघाड धरला जाईल, हे कंपनीकडून लेखी आणायला लावलं. मुलगा तीनदा हेलपाटे घालून गेला. खड्ड्यासाठी गडी लावला होता, तरी आप्पा मध्येच पहार हातात घ्यायचे, दोन घाव घालायचे आणि धापा टाकत खाली बसायचे.

मला मात्र मनातून राग येत होता. मला वाटलं, हे आमच्या फोनांना कंटाळले. तोंडावर नाही म्हणवत नाही, म्हणून कंपनीच्या गळ्यात बांधताहेत. एकदा मी बोलूनही गेले, "आप्पा, कंटाळलात ना आमचा?" ते पिशवीत पकड ठेवत म्हणाले, "व्हय, कंटाळलो. माणसानं किती दिवस पळायचं?" मी त्या दिवशी चहात मुद्दाम साखर घातली नाही. ते तसाच प्यायले, तोंडही वाकडं केलं नाही. तेव्हा तरी मला कळायला हवं होतं.

प्लॅनचे कागद आले त्या दिवशी आप्पांनी मला ओट्यावर बसवलं आणि तक्रारीचा नंबर फोनमध्ये घालायला लावला. आकडे बारीक होते. वाचायला म्हणून त्यांनी चष्मा काढला.

"लावा आता फोन. किती वेळानं उचलत्यात ते मी हाय तवर बघू."

मी मान वर केली. दुपारच्या उन्हात त्यांचे डोळे हळदीसारखे पिवळे होते. त्यांच्या मनगटाला हात लावला तर नुसती हाडं लागली. रोज चाळीस माणसांच्या पापण्या खाली ओढून डोळे बघणारी मी, पंधरा दिवस माझ्या अंगणात हा माणूस संपत चालला होता आणि मी त्याच्यावर रुसून बसले होते. एवढी लाज मला आयुष्यात दुसऱ्या कशाची वाटली नाही.

"कधीपासून?" मी विचारलं.

"दिवाळीच्या आधीपासून. पोटात गाठ हाय. पुण्याला दाखवलं, आता काय करण्यासारखं न्हाई म्हणाले."

"मला का नाही सांगितलं, आप्पा? मी नर्स आहे."

"तुम्ही म्हणाला आसता, झोपून ऱ्हावा. मग खड्डा कुणी घेतला आसता? आक्का अशा पडून. तुम्ही राहूला. मी गेल्यावर तुम्ही फोन कुणाला लावणार, ह्याचा घोर लागला हुता मला. कागद काय माणूस न्हाई. पण कुणीच नसल्यापरीस बरा."

मला रडू आवरेना. मी पदरानं डोळे पुसले आणि भांडल्यासारखं विचारलं, "आणि काकूंना? त्यांच्यासाठी घेतला का प्लॅन?"

आप्पांना या प्रश्नाचं खरोखर आश्चर्य वाटलेलं दिसलं.

"तिला कशाला? तिला तुम्ही हाय की."

त्यानंतर ते दोन महिने होते. इंजेक्शनं मीच द्यायचे, सकाळी राहूला जाताना आणि संध्याकाळी आल्यावर. शेवटी शेवटी बोलणं कमी झालं होतं, तरी चहाला साखर किती घातली हे ते खुणेनं विचारायचे. एका पहाटे काकूंनी भिंतीवर थाप मारली आणि मी धावत गेले, तोवर ते गेले होते.

प्लॅन चालू आहे. फोन केला की कंपनीचा माणूस तिसऱ्या दिवशी येतो, काम करतो, माझी सही घेतो आणि जातो. त्याच्याविषयी माझी तक्रार नाही. मागच्या आठवड्यात काकूंचा मिक्सर बंद पडला. मी राहूहून आले, स्कूटी त्यांच्या दारात लावली आणि त्या मिक्सरपुढं मांडी घालून बसले. मला त्यातलं ओ की ठो कळत नाही.