मोठ्या मायच्या हाताची जागा

बाबांचा फोन आला तेव्हा मी बीडला, आमच्या नर्सिंग कॉलेजच्या वऱ्हांड्यात प्रात्यक्षिक परीक्षेच्या रांगेत उभी होते. "निकू, मोठी माय गेली गं," ते म्हणाले. "सकाळी शेळ्या सोडायला उठली न्हाई म्हणून तुझी आई बघायला गेली, तर..." मग म्हणाले, परीक्षा देऊनच ये. मी परीक्षा दिली. काय उत्तरं दिली ते आठवत नाही. गावी पोचले तेव्हा सगळं उरकलेलं होतं आणि तिच्या शेळ्या आमच्या दारात बांधलेल्या होत्या. याला आता पाच आठवडे झाले.

मोठी माय म्हणजे माझ्या थोरल्या चुलत्याची बायको, सुभद्रा. चुलते लवकर गेले, मूलबाळ नव्हतं. वडवणीच्या अलीकडच्या आमच्या लहानशा गावात ती एकटी राहायची. ती सुईण नव्हती. बाळंतपण तिनं कधी केलं नाही. "कळा सुरू झाल्या की आधी दवाखाना, मंग मी," असं तिचं ठरलेलं होतं. सरकारी दवाखान्यात बाळंतिणीबरोबर एका बाईला आत बसू देतात. आमच्या गावच्या बायका आईला किंवा सासूला न नेता मोठ्या मायला न्यायच्या. ती त्यांना हाताला धरून चालवायची, कुशीवर वळवायची, गरम पाण्यात फडकं पिळून पोटाखाली शेकायची. कळ आली की कंबरेच्या खाली तळहात रोवून जोरानं दाबून धरायची आणि कळ ओसरेपर्यंत सोडायची नाही. एखादी म्हणायची, "मोठे माय, मरते गं मी." ही म्हणायची, "मर, पर चालता चालता मर." त्या वेदनेतही ती बाई हसायची. कळा मंदावल्या की नवऱ्याला फर्मान सुटायचं, "पुतळ्यावानी उभा राहू नको. घरी जा आन सगळी कुलपं उघड. पेटीचं बी, कपाटाचं बी." कुलपं उघडली की बाई मोकळी होते, असं आमच्याकडं मानतात. नवरा बिचारा धावत सुटायचा.

"हे तुला कुणी शिकवलं?" असं मी एकदा विचारलं होतं. ती शेंगा फोडत होती. "कुणीच न्हवतं, तवा शिकले," ती म्हणाली. ऊसतोडीला गेलेली असताना तिचं पहिलं बाळंतपण कोपीत, उसाच्या पाचटाच्या झोपडीत, झालं होतं. सगळे उसाच्या फडात होते. कळ आली की ती कोपीच्या मेढीच्या खांबाला कंबर टेकवून रेटायची, तेवढंच बरं वाटायचं. ते लेकरू तीन दिवस राहिलं. एवढं सांगून ती पुन्हा शेंगा फोडायला लागली.

आता जे लिहायचं आहे ते लिहिताना हात अडतो. आमच्या घरात कॉलेजात गेलेली मी पहिली. पहिल्या वर्षी मला वर्गात बोलायची भीती वाटायची. मी बोलले की माझी गावाकडची भाषा ऐकून मुली मागं वळून बघायच्या. तेव्हा प्रदर्शनासाठी 'आपल्या गावातील अंधश्रद्धा' असा तक्ता करायला सांगितला. मी मोठ्या मायचा फोटो मधोमध चिकटवला आणि भोवती तिच्या गोष्टी लिहिल्या. कुलपं उघडणं लिहिलं. त्याच ओळीत चालवणं, शेकणं, कंबर दाबणं हेही लिहिलं. मॅडमनी वर्गापुढं माझं कौतुक केलं. पहिल्यांदाच कुणी केलं होतं.

प्रदर्शनाच्या दिवशी मोठी माय माझ्यासाठी भाकरी अन् ठेचा घेऊन एसटीनं बीडला आली आणि थेट त्या तक्त्यापुढं उभी राहिली. तिला वाचता येत नव्हतं. "ही तर मीच की," ती म्हणाली. "काय लिव्हलंस गं माझ्यावर?" मी म्हणाले, "तू बायकांच्या कळा कशा कमी करतेस, ते लिहिलंय." तिनं पदर सारखा केला आणि शेजारच्या दोन मुलींना म्हणाली, "माझ्या पुतणीनं लिव्हलंय. वाचा की." त्यांनी वाचलं. एकीनं माझ्याकडं बघून तोंडावर हात धरला. मोठी माय त्यांच्याकडं बघून हसत होती.

तिसऱ्या वर्षी प्रसूतीचा विषय आला. औषधाशिवाय कळा सुसह्य कशा करायच्या, यावर अख्खा धडा होता. ओळखीची बाई जवळ असणं, चालणं, कूस बदलणं, गरम शेक, लांब श्वास, माकडहाडाच्या वर तळहातानं दाब. कुलपं तेवढी पुस्तकात नव्हती. मी तो धडा वाचला आणि त्या दिवशी जेवले नाही. फोन केला, म्हणाले, "मोठे माय, तुला एक सांगायचंय." ती म्हणाली, "फोनवर कशाला? घरी आल्यावर सांग, समोर बसून." मी दिवाळीला जाणार होते.

तेराव्यानंतर शेजारची मंदा वहिनी दारात आली. नववा महिना भरलेला, दुसरी खेप. "मोठी माय येते म्हणली होती. आता मी कुणाला नेऊ?" मग माझ्याकडं बघून म्हणाली, "तू चल की. तू तर शिकलेली हायस." चार दिवसांनी दुपारी आम्ही दवाखान्यात होतो. सिस्टर म्हणाल्या, "नर्सिंगची ना तू? ये आत."

कळ आली तशी मी पुस्तकात दाखवलं होतं तिथं तळहात ठेवून दाबलं.

"तिथं न्हाई," वहिनी दात आवळून म्हणाली. "खाली."

"इथं?"

"अजून. मोठी माय मनगटानं दाबायची... जोर लाव की गं, जेवली न्हाईस का?"

मी हात सरकवला. तिचं अंग जरा सैल पडलं. "हां," ती म्हणाली. "हीच तिची जागा."

मला एकदम रडू आलं. "वहिनी, मी तिच्याबद्दल एका तक्त्यावर..."

"बोलू नको. दाब."

मी दाबत राहिले. दिवस मावळायच्या आत मुलगी झाली, दोघी सुखरूप. सगळे बाळाभोवती जमले आणि मी बाहेर बाकावर येऊन बसले. कुणीतरी चहा आणून दिला. कप उजव्या हातात धरता येईना, मनगट थरथरत होतं. मी तो डाव्या हातात घेतला.

मोठी माय दवाखान्यातून आली की नेहमी डाव्या हातानं चहा प्यायची. का, ते मी कधीच विचारलं नव्हतं.